अख्तरीच्या वजनाची गाडी

गफूर परकार माणूस ओळखायचा तो त्याच्या बसण्यावरून. चेहरा, कपडे, बोलणं यांवर त्याचा फारसा भरवसा नव्हता. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला गाडीवर बसायला लावी आणि आपण मागे उकिडवा बसून गाडी किती दबते ते बघे.

वर्कशॉप फहादचं. सौदीतल्या हाइल शहरातून नफूदच्या लाल वाळूकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या जरा पुढे. वाळूत चालवायच्या रुंद टायरांच्या चारचाकी मोटारसायकली, ज्यांना इथले लोक दबाब म्हणतात, त्या तिथे दुरुस्तीला येत. थंडी पडली की हाइलमधली निम्मी घरं शुक्रवारी वाळूत तंबू ठोकून बसतात, आणि मग ज्याला त्याला आपला दबाब आठवतो. इंजिनाचे मिस्त्री शहरात पुष्कळ होते. गफूरकडे लोक यायचे ते शॉकअपसाठी.

"गाडी पाठीत मारते," गिऱ्हाईक म्हणे.

"गाडी मारत नाही. ती तुझ्यासाठी लावलेलीच नाही," गफूर आपल्या कामचलाऊ अरबीत सांगे.

कारखान्यातून येणारी गाडी कुणा एका मध्यम माणसासाठी लावलेली असते, आणि हा मध्यम माणूस गफूरला हाइलमध्ये कधी भेटला नव्हता. कुणी गव्हाच्या पोत्यासारखा, कुणी काठीसारखा. प्रत्येक शॉकअपवर स्प्रिंगच्या टोकाशी आट्यांवर फिरणारं एक कडं असतं. ते आवळलं की गाडी उचलून धरते, सैल केलं की खाली बसते. जड माणसाखाली सैल ठेवली तर खड्ड्यात बूड आपटतं. हलक्या माणसाखाली आवळून ठेवली तर ती दबतच नाही. चाकं वाळू धरत नाहीत आणि गाडी बकरीसारखी उड्या मारते. हे झालं वजनाचं. त्यानंतरचा प्रश्न, चालवतोस कसा? त्यासाठी शॉकअपला खटक्यांचा एक छोटा स्क्रू असतो. सावकाश हिंडणाऱ्याला तो मऊ लागतो, टेकाडांवरून उडी घेणाऱ्याला कडक.

"या प्रश्नाला सगळे खोटं बोलतात," गफूर दत्तारामला सांगे. दत्ताराम संगमेश्वरचा, त्याच वर्कशॉपमध्ये वेल्डर, आणि खोलीतला त्याचा सोबती. "ज्याला धड रिव्हर्स घेता येत नाही तोपण म्हणतो, मी उडवतो."

"मग तू काय करतोस?"

"टायर बघतो. टायर खोटं बोलत नाही."

असा हा गफूर. वय पन्नाशीच्या पुढे, दाढी निम्मी पांढरी, नखांत कायमचं ग्रीस. घर दापोलीकडे, खाडीच्या काठाला. दोन वर्षांनी एकदा रजेवर जायचा. मागच्या रजेत त्याने मुलीचं, अफशाँचं, लग्न ठरवलं होतं. येत्या रमजान ईदनंतर निकाह. फहाद त्याला अबू अफशाँ म्हणूनच हाक मारायचा, म्हणजे अफशाँचा बाप.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर फहादने आपणहून विषय काढला. "अबू अफशाँ, मुलगी सासरी गेली की तुझ्या घरच्यांना एकटं वाटेल. त्याआधी त्यांना इथे बोलाव. व्हिजिट व्हिसाचं मी बघतो. माझ्या आईच्या घरामागची खोली रिकामी आहे."

इतक्या वर्षांत त्याची बायको अख्तरी कधी सौदीला आली नव्हती. आधी सासू होती, मग मुलगी शाळेत, मग कॉलेजात. आता अफशाँला तिच्या खालाकडे ठेवून अख्तरी विमानात बसली.

विमानतळावर काळ्या अबायात ती त्याला पटकन ओळखूच आली नाही. बॅगेला बांधलेल्या लाल दोरीवरून ओळखली. हात हातात घेतला तेव्हा मनगट बारीक वाटलं. खोलीवर येऊन तिने अबाया उतरवला तेव्हा गाल बसलेले दिसले.

"वाळलीस," तो म्हणाला.

"रोज सकाळी चालायला जाते. डॉक्टर म्हणाला, साखर वाढेल."

"बरं करतेस."

आणि तो विषय तिथंच मिटला. बॅगेतून सुकट निघाली, तांदळाचं पीठ निघालं, त्याच्या मापाचा नवा लेंगा निघाला. पहिल्या रात्री घावण्यांबरोबर सुकटीचं कालवण जेवून गफूर जो झोपला तो दुसऱ्या दिवशी कामावर उशिरा गेला. दत्तारामने डबा उघडून वास घेतला आणि डोळे मिटून नुसता उभा राहिला.

शुक्रवारी वाळूत जायचं ठरलं. फहादचा सगळा गोतावळा जाणार होता; बायकांचा तंबू वेगळा, पुरुषांचा वेगळा. फहादची आई अख्तरीला बजावून गेली होती की तू माझ्या शेजारी बसायचं. तिचं अरबी अख्तरीला कळत नव्हतं, पण हाताला धरून बोललेलं कळलं.

गफूरच्या मनात आणखी एक होतं. वर्कशॉपच्या मागे फहादचा एक जुना लाल दबाब धूळ खात पडला होता. तो मागून घेऊन गफूरने आठवडाभर काम सुटल्यावर नीट केला. तेल बदललं, ब्रेकच्या पट्ट्या घातल्या, आणि शेवटी शॉकअपला हात घातला. अख्तरीचं वजन काय, हे त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. लग्नानंतर तिला जुन्या स्कूटरवर मागे बसवून तो दापोलीला न्यायचा तेव्हापासून तिचं ओझं त्याच्या पाठीला ठाऊक होतं, आणि पुढे वयाप्रमाणे ती किती भरत गेली तेही. ती चालवेल कशी, हाही प्रश्न नव्हता. स्कूटरवर ती त्याचा शर्ट मुठीत धरून, डोळे मिटून दुवा पुटपुटत बसायची. म्हणून खटके सगळ्यात मऊ ठेवले. गाडी पाळण्यासारखी चालली पाहिजे.

शुक्रवारी सकाळी वर्कशॉप बंद होतं. गफूर तिला घेऊन गेला आणि मागचं शटर उघडलं.

"बस. आणि पाय खाली सोडू नको, दोन्ही पाय पायरीवर."

अख्तरी अबाया आवरून बसली. पायात गफूरचेच बूट होते, आत दोन-दोन मोजे. गफूर मागे उकिडवा बसला.

गाडी दबलीच नाही.

तो उठला, मागचा भाग धरून दोनदा खाली-वर केला, परत बसला. मोजपट्टी लावली. मग पाना घेऊन कडं सैल केलं. "आता बस." पुन्हा तेच. आणखी सैल केलं. आणखी. कडं फिरत फिरत जिथवर आलं, तिथवर तो फक्त शाळेतल्या पोरांसाठी यायचा. तेव्हा कुठे गाडी खाली बसली.

गफूर पाना हातात धरून तसाच बसून राहिला. हाइलमधली शंभर माणसं त्याने या जागेवरून बघितली होती. चालण्याने माणूस एवढा उतरत नाही.

"चालून चालून एवढं?" त्याने विचारलं.

"चालून चालून," अख्तरी बुटाची नाडी नीट करत म्हणाली. वर बघितलं नाही.

तेवढ्यात फहादची पिकअप दारात येऊन उभी राहिली, दबाब चढवायला माणसं आली, आणि बोलायचं राहून गेलं.

जुम्म्याची नमाज आटोपून सगळे नफूदमध्ये पोहोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. थंडीतलं तिथलं ऊन दुधासारखं असतं. लांबवर अजा नावाचे डोंगर निळे दिसत होते. तंबू लागले, लाकडं पेटली, कहव्याची किटली चढली. गफूरने अख्तरीला बाजूच्या सपाट वाळूत नेलं आणि शिकवायला सुरुवात केली.

"हा अंगठा. हळू दाबायचा. घाबरायचं नाही. मी शेजारी चालतो."

अख्तरी शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती. मग तिने अबायाची दोन टोकं कमरेत खोचली, अंगठा दाबला आणि गेली.

गफूर दहा पावलं धावला आणि थांबला. लाल गाडी समोरच्या टेकाडावर तिरकी चढत होती. माथ्यावर पोचायच्या आधी अख्तरीने वेग कमी केला, पलीकडे नजर टाकली आणि दिसेनाशी झाली. पुढच्या क्षणी ती दुसऱ्या टेकाडावर होती. वाळूत एक घळ आली तेव्हा ती सीटवरून अर्धी उठून गुडघे वाकवून उभी राहिली, गाडी खालून जाऊ दिली आणि परत बसली.

गफूरने दुसरा एक दबाब घेतला आणि पाठलाग केला. ती त्याला तिसऱ्या टेकाडापलीकडे सापडली. इंजिन बंद करून उभी होती, अबायाच्या बाहीने तोंडावरची वाळू पुसत.

"अवो, ही पुढनं बुडी मारते," तिने तक्रार केली. "उतरताना नाक खुपसते वाळूत. आणि वळताना होडीगत डुलते. असली कशी लावलीत?"

गफूर खाली उतरला. "तू खड्ड्यात उठून उभी राहिलीस."

"मग? खड्डा आला की उठायचं. नाहीतर कमरेची वाट लागते. आपल्या खाडीच्या रस्त्याला खड्डे कमी आहेत काय?"

"खाडीच्या रस्त्याला तू गाडी कधी चालवलीस?"

वाऱ्याने वाळूचा एक पातळ पदर टेकाडाच्या कडेवरून उडवला. अख्तरी गाडीवरून उतरली आणि वाळूत बसली. गफूरही बसला.

"अफशाँची स्कूटी आहे ना," ती म्हणाली. "तिनंच शिकवली. दापोलीला जायला लागायचं. सरकारी दवाखान्यात. गोळ्यांना."

"कसल्या गोळ्या?"

"टीबीच्या."

गफूरने तिच्याकडे पाहिलं. तिने घाईघाईने पुढचं सांगून टाकलं, जसं कुणी दुखरा काटा एकदाच उपटावा. "आता नाही. आता साफ आहे. कोर्स पुरा झाला, कागद आहे डॉक्टरचा. तुम्ही मागल्या रजेवरून आलात आणि खोकला धरला. अंगावर काढला. मग रक्त पडलं, तेव्हा अफशाँ घेऊन गेली. रिक्षाने रोज गेले असते तर अख्ख्या मोहल्ल्याने विचारलं असतं. मुलीचं लग्न ठरलेलं. टीबीवाल्या घरातली मुलगी कोण मागतं? म्हणून स्कूटी. दवाखाना उघडायच्या वेळेला जायचं, कुणी विचारायच्या आत परत यायचं. खड्डे चुकवत सावकाश गेलं तर उशीर व्हायचा. तशी सवय लागली."

"व्हिडिओवर तू ओढणी..."

"ओढणी लपेटून बसायची. फोन जवळ धरायची. तुम्हाला कुठे काय कळतंय."

हे मात्र खरं होतं, आणि तेच त्याला लागलं. "अफशाँला माहीत. डॉक्टरला माहीत. मलाच नाही."

"तुम्हाला सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

"आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. इथलं सोडून आला असता, माझ्या उशाशी बसून राहिला असता. आणि मग लोकांनी विचारलं असतं, परकार मधेच का आला?"

गफूर वाळूत बोटाने रेघा ओढत राहिला. त्याला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. खोकल्याच्या त्या महिन्यांत तो इथे दत्तारामबरोबर पत्ते खेळत असेल, हसत असेल. फोनवर त्याने तिला सुकटीची आठवण काढून छळलं असेल.

"आता तुम्ही सांगा," अख्तरी म्हणाली.

"मी काय सांगू?"

"डावा हात खांद्याच्या वर जात नाही तुमचा. आले त्या दिवशी बॅग वर ठेवताना बघितलं. नमाजला हात बांधतानाही खांदा उचलता. काय झालं होतं?"

"थंडीने धरलाय."

"गफूरमियाँ."

लग्नानंतर तिने त्याला नावाने फक्त दोन-तीनदा हाक मारली असेल. गफूर वाळूकडे बघत म्हणाला, "जॅक सरकला. गाडी अंगावर आली. गळपट्टीचं हाड मोडलं होतं."

"कधी?"

"मागच्या थंडीत. तुला सांगितलं नव्हतं का, फोन दुरुस्तीला टाकलाय म्हणून."

"आठवडाभर फोन दुरुस्तीला होता."

"आठवडाभर दवाखान्यात होतो. फहाद रोज जेवण घेऊन यायचा."

"आणि मी तिकडे तुमच्या फोनवाल्याला शिव्या घालत होते." आणि तिला हसू फुटलं. ते थांबेना. हसता हसता तिला खोकला आला तसा गफूर दचकून उठला. तिने हातानेच सांगितलं की नाही, तो खोकला नाही, नुसता ठसका. मग तोही हसला. दोन म्हातारी होत आलेली माणसं नफूदच्या मधोमध बसून, एकमेकांच्या लबाड्यांवर डोळ्यांत पाणी येईतो हसली.

हसू ओसरल्यावर गफूरने आपल्या दबाबच्या पेटीतून हत्यारं काढली.

"ऊठ. गाडी परत लावतो."

"आता आणि काय?"

"मी तुला घाबरट धरून लावली होती." त्याने पुढचे खटके कडक केले, मग मागचे थोडे. पुढची कडी किंचित आवळली, वाळूत नाक वर राहायला हवं म्हणून. मागचं कडं होतं तिथेच ठेवलं. तिला बसवलं, पुढे-मागे हलवून पाहिलं. "जा आता. त्या मोठ्या टेकाडाला वळसा घालून ये. उतरताना बुडी मारली तर सांग."

ती गेली आणि आली. "थोडी अजून," ती म्हणाली. त्याने आणखी एक खटका फिरवला. ती परत गेली. या वेळी आली तेव्हा काही बोलली नाही, फक्त अंगठा वर केला आणि न थांबता पुन्हा निघाली. मागून येणारा गफूर तिला गाठू शकला नाही. खांद्यामुळे, असं त्याने पुढे दत्तारामला सांगितलं.

तंबूपाशी फहाद कहवा ओतत होता. लाल गाडी टेकाडाच्या धारेवरून सरळ रेघ ओढत गेली तशी त्याने नजर वर केली.

"ती गाडी कोण चालवतंय?"

"घरची माणसं," गफूर म्हणाला.

फहादने लगेच नजर पेल्यात घातली. परक्याच्या घरच्या बाईकडे बघत राहणं बरं नव्हे. पण थोड्या वेळाने पेल्याकडेच बघत तो म्हणाला, "माशाल्ला." आणि मग, "माझा धाकटा भाऊ त्या धारेवरून जायला घाबरतो."

त्या दिवसापासून गफूरने दोन गोष्टींचा हट्ट धरला. एक, हाइलच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायचा. अख्तरीने कुरकुर केली, पण गेली. तो बाहेर बाकावर बसून राहिला नाही. तिच्याबरोबर आत गेला आणि डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरला तेव्हा जणू त्याला त्यातलं सगळं कळतंय अशा तोंडाने बघत राहिला. जुना एक व्रण, बाकी साफ, डॉक्टर म्हणाला. भरपूर खा. बाहेर आल्यावर गफूरने तिला लगेच भाजलेली कोंबडी आणि खुब्जची रोटी खाऊ घातली, आणि समोर बसून शेवटच्या घासापर्यंत पहारा केला.

दुसरा हट्ट अवघड होता. "सुरैयाबींना सांगायचं," तो म्हणाला. सुरैयाबी म्हणजे अफशाँची होणारी सासू. "निकाहच्या आधी. आपण दोघांनी लपवाछपवी केली ती केली. मुलीच्या संसारात ती नको."

"मोडलं तर?"

"मोडलं तर ते घर तिच्यासाठी नव्हतं."

अख्तरी तीन दिवस त्याच्याशी जेवण्यापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी तो दुपारचा खोलीवर आला तेव्हा ती गादीवर फोन घेऊन बसली होती आणि फोन वाजत होता. त्याला बघून तिने स्पीकर लावला. पलीकडे सुरैयाबी होत्या. अख्तरीने सलाम केला, आणि आजारापासून स्कूटीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना तिचा हात गफूरच्या गुडघ्यावर होता.

गफूरला वाटलं, फोन कटला.

"माझ्या सासूला झाला होता," शेवटी सुरैयाबी म्हणाल्या. "तेव्हा आम्ही लोकांना दमा सांगितला. तुम्ही आता नीट खाता ना?"

"खाते."

"दूध-अंडी घ्या. आणि ती मुलगी तुमची, रोज घेऊन जायची म्हणता?"

"पहिले काही महिने तीच न्यायची. कॉलेज सांभाळून."

"मग बरंय," सुरैयाबी म्हणाल्या. "माझेही गुडघे गेलेत. चांगली सून मिळतेय." आणि त्यांनी जेवणावळीला बिर्याणी करायची की खिमा-पाव, हा विषय काढला.

फोन ठेवल्यावर अख्तरी भिंतीला टेकली आणि लहान मुलासारखी रडली. गफूर पाणी आणायला उठला, पाण्याचा पेला हातात घेऊन तिथेच उभा राहिला, आणि शेवटी ते पाणी स्वतःच प्यायला.

पुढचे शुक्रवार त्यांनी वाळूतच काढले. रमजानच्या आधी अख्तरी परत गेली; लग्नाची तयारी होती. विमानतळावर फहादची आई स्वतः आली होती, खजुरांचा डबा घेऊन. दोघींना एकमेकींचे दहा शब्दही येत नव्हते, तरी निरोप घ्यायला बराच वेळ लागला.

या वेळी गफूर दोन वर्षं पुरी होण्याची वाट बघत बसला नाही. ईदच्या आधीच रजा घेऊन गेला, आणि निकाह लावून परत आला. आता दर आठवड्याला फोनवर तो अख्तरीला मोबाइल भिंतीला टेकवून चार पावलं मागे जायला सांगतो. "उभी राहा. वळ. आता इकडे बघ." ती म्हणते, बाजारात बकरी बघतात तसं काय बघता? मग ती त्याला डावा हात वर करून दाखवायला लावते. दत्ताराम तेव्हा खोलीबाहेर जाऊन उभा राहतो.

पुढच्या थंडीच्या व्हिसासाठी फहादने परवाच तिच्या पासपोर्टची कॉपी मागून घेतली. आईने तगादा लावलाय म्हणे.